एक दात

जुना पट्टा तसा ठणठणीत होता.
एवढंच मला सांगायचंय आधी.
ना चीर, ना सुटलेला धागा,
पाठीवरची पांढरी अक्षरंसुद्धा वाचता येत होती.
चांदवडकर काका गेटातूनच म्हणाले,
चांगला तर आहे, उगाच खर्च.
काका, म्हटलं, चेन असती तर कुरकुरते, सांगून जाते.
पट्टा सांगत नाही.

सिडकोतलं रो हाऊस, जानेवारीतला रविवार,
लोखंड हाताला चावत होतं.
गाडी गोव्यात बनलेली, दोन सीटांची, फायबरची,
लाल होती म्हणे; आता गाजरहलव्याचा रंग.
कॉलेज रोडच्या एका दातांच्या डॉक्टरकडे
नऊ वर्षं कव्हरखाली उभी.
अंबडची कंपनी चाकणला गेली, मी गेले नाही.
हिशेबाचे पैसे आले, त्यातून ही घेतली.
बहीण अजून म्हणते, तेवढ्यात पाथर्डी फाट्याला
प्लॉटचं टोकन देऊन झालं असतं.

बावीस वर्षं मी मोजत आले.
मायक्रोमीटर, डायल गेज, गो, नो-गो.
दुसऱ्याने केलेल्या वस्तूला पास म्हणायचं
किंवा नापास.
स्वतः काही उघडलं नव्हतं.

खालचा बोल्ट अर्धा दिवस अडून बसला.
पान्यात नळाचा जुना पाइप घातला, त्यावर उभी राहिले,
तेव्हा कडाड् झालं
आणि समोरच्या बाल्कनीतल्या तिघी आत गेल्या.
इंजिन जॅकवर, मध्ये पाटाचा तुकडा.
निनाद टॉर्च धरून, एक डोळा मोबाइलवर.
मावसबहिणीची नेलपॉलिश आणली होती त्याने, मोरपंखी,
खुणाही त्यानेच केल्या,
एक खालच्या चाकावर, एक वरच्या.

खालचं चाक दोन फेरे घेतं तेव्हा वरचं एक.
म्हणजे वरचा निवांत, तो म्हणाला.
नाही रे. वरच्याने दार लावून घ्यायचं असतं
खालचा उंबऱ्यापर्यंत यायच्या आत.
वेळ चुकली की दोघं दारातच आपटतात.

नवा पट्टा दिल्लीहून अकरा दिवसांनी आलेला,
नव्या चपलेसारखा ताठ.
दातात दात बसवत वर नेला,
टेन्शनर आवळला, अंगठ्याने दाबून पाहिला.
प्लग आधीच काढले होते, म्हणून हाताने दोन फेरे.
सावकाश. अडलं तर थांबायचं, जोर लावायचा नाही.
अडलं नाही.
पण मोरपंखी खूण जागेवर आली नाही.
एक दात पुढे.

एक दात म्हणजे किती? काकांनी विचारलं.
करंगळीच्या नखाएवढं.
मग चालेल की. सुरू तर होईल ना?
होईल, म्हटलं.
होईल, आणि चढावर धापा टाकेल,
आणि का ते कुणाला कळणार नाही.

ऊन पांडवलेणीच्या डोंगरामागे गेलं होतं.
कंपनीत असला जॉब मी लाल डब्यात टाकला असता
आणि चहाला गेले असते.
इथे लाल डबा नव्हता.
टेन्शनर सैल केला. पट्टा उतरवला.
निनाद काही बोलला नाही,
मोबाइल खिशात ठेवला
आणि टॉर्च दोन्ही हातांनी धरली.

रात्री पावणेदहाला चावी फिरवली.
पहिल्यांदा नुसतं खर्रर्र. दुसऱ्यांदाही.
तिसऱ्यांदा
काका कानटोपी घालून बाहेर आले,
मान तिरकी करून ऐकत राहिले.
हं, म्हणाले. आवाज तर आधीसारखाच आहे.

हो ना, म्हटलं.
तसाच यायला हवा होता.

जुना पट्टा त्यांनी मागून नेला.
सकाळी पाहिलं, तर त्यांच्या कडी तुटलेल्या गेटाला
आणि खांबाला मिळून अडकवलाय,
अक्षरं रस्त्याच्या बाजूला,
येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येतील अशी.